झळाळी आणि लखलखाट

लखलखतं ब्रेसलेट कोणत्या दागिन्यांबरोबर घालावं, हा प्रश्न निघाला की बोलणं बहुधा धातूपाशी येऊन थांबतं: पिवळ्याबरोबर पिवळं, पांढऱ्याबरोबर पांढरं. उत्तर सोपं आहे, पण अपुरं. सोन्यात मढवलेलं हिऱ्यांचं ब्रेसलेट ठुशीबरोबर घातलं की उपरं वाटतं. उलट गळ्यात मोत्यांची चिंचपेटी आणि हातात साधी सोन्याची पाटली असेल, तर रंगही वेगळा आणि जिन्नसही वेगळा, तरी ती जोडी चपखल दिसते. याचं कारण मला धातूपेक्षा उजेडात दिसतं. सोनं झळाळतं, मोती पाणीदार दिसतो, पैलू पाडलेला हिरा लखलखतो. भाषेने हे शब्द वेगळे ठेवले, कारण उजेडाशी वागण्याच्या या तीन तऱ्हा आहेत. आणि त्यांतली तिसरी आपल्याकडे फार उशिरा आली.

जुन्या मराठी मनगटावर सुटा, एकटा दागिना सहसा नसे. सवाष्णीच्या हातात हिरवा चुडा असायचाच, आणि ऐपतीप्रमाणे त्याच्या मागेपुढे पाटल्या, बिलवर, गोठ, तोडे चढत. पाटली रुंद आणि चपटी, गोठ जाड आणि गुळगुळीत, तोडा वजनदार आणि नक्षीचा. जुळणी व्हायची ती मनगटावरच, शेजारच्या बांगडीशी. गळ्याशी मेळ घालण्याची वेगळी चिंता नसे. यात एक गंमत आहे. हात हलला की चमकायचं आणि किणकिणायचं काम होतं काचेकडे, म्हणजे सगळ्यांत स्वस्त वस्तूकडे. सोन्याने फक्त मंद झळाळत राहायचं. चमचमाटाला आपल्याकडे जागा होती, पण ती मानाची नव्हती.

यावर कोणी म्हणेल की ही सामान्य घरांची गोष्ट झाली. पेशवाईतल्या श्रीमंतांकडे हिरे काय कमी होते? हिरे होते, हे खरंच. तन्मणीच्या खोडात, म्हणजे पदकात, ते बसवलेले दिसतात. पण ते हिरे आजच्यासारखे नव्हते. पोलकी हिरा चपटा असे, पैलू नावापुरते, मागून कोंदण बंद आणि खाली उजेड परतवणारा चकचकीत पातळ पत्रा. त्यातून निघणारा उजेड शांत असे, म्हणून तो मोत्यांच्या सरात खुपत नसे. हा कसबाचा अभाव होता की आवडीचा भाग, हा वाद घालता येईल. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात याबद्दल मोलाचं निरीक्षण नोंदवलं आहे. इथल्या कारागिरांची झिलई युरोपइतकी तेजस्वी नसते, असं तो म्हणतो. पण पुढे असंही सांगतो की दगड निर्मळ असेल तर ते त्याला चाकावर वरखाली जेमतेम टेकवतात, वजन घटेल म्हणून आकार देत नाहीत, आणि दगडात डाग किंवा कण असेल तर मात्र तो झाकण्यासाठी सगळ्या अंगाला पैलू पाडतात. म्हणजे पैलू पाडता येत होते. फक्त जास्त पैलू हे इथे ऐबाचं लक्षण होतं. आजच्या दुकानात हे सांगून पाहा!

ही दृष्टी उलटी झाली ती लंडनमध्ये. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनात कोहिनूर मांडला तेव्हा तो पुरेसा चमकत नाही म्हणून लोक हिरमुसले. पुढच्याच वर्षी तो नव्याने कापला गेला आणि १८६ कॅरटचा १०५.६ कॅरटवर आला. चमक हवी म्हणून एवढं वजन उधळणं ताव्हेर्निएने पाहिलेल्या कारागिरांना वेडेपणा वाटला असता. १९१९ साली टोल्कोव्स्की या अभियंत्याने हिऱ्यात शिरलेला उजेड जास्तीत जास्त वरूनच परत यावा यासाठी पैलूंची मापं गणिताने मांडली. हिऱ्यांची एकेरी ओळ असलेली लवचीक ब्रेसलेटं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच आली होती. त्यांना ‘टेनिस ब्रेसलेट’ हे नाव मात्र टेनिसपटू ख्रिस एव्हर्टमुळे चिकटलं. अमेरिकन ओपनच्या सामन्यात तिचं ब्रेसलेट तुटून पडलं. बहुतेक ठिकाणी १९८७ हे साल छापलं जातं, पण ती स्वतः १९७८ सांगते. योगायोग असा की त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७६ पासून, क्युबिक झिर्कोनिया बाजारासाठी बनू लागलं. आपण त्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतो. ते उजेडाचे रंग हिऱ्याहूनही जास्त फाकवतं, त्यामुळे लखलखाट कोणाच्याही मनगटाला परवडू लागला.

तेव्हा आजचं ब्रेसलेट हे चुड्याचं वंशज नाही. ते घड्याळासारखं एकटं मिरवतं, म्हणून त्याला जोडीदार मनगटाबाहेर शोधावा लागतो. आवड ज्याची त्याची, नियम कसले, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. आवडीला मोकळीक हवीच. पण मंद उजेडाच्या दागिन्यांजवळ लखलखती वस्तू आली की नजर तिच्यावरच खिळते आणि बाकीचे दागिने निस्तेज वाटतात, हे डोळ्यांचं वागणं आहे, त्याला आवडनिवड चालत नाही. नथीत मोत्यांबरोबर खडे असतातच की, असंही कोणी म्हणेल. पण पारंपरिक नथीतले लाल-हिरवे खडे रंगासाठी असतात, चमकण्यासाठी नव्हे. म्हणून हिऱ्याचं किंवा अमेरिकन डायमंडचं ब्रेसलेट पैलूदार खड्यांच्या कुड्यांबरोबर किंवा नाजूक पेंडंटबरोबर खुशाल घालावं, आणि खरेदी करताना दुकानाच्या दिव्यांपासून दूर, दारातल्या उजेडात एकदा पाहावं. त्या दिव्यांखाली सगळंच लखलखतं. ठुशी, मोहनमाळ किंवा तन्मणी घालायच्या दिवशी मात्र ते डबीतच राहू द्या आणि हातात पाटल्या घाला.