शेपटीवर उतरणाऱ्या रॉकेटची कुळकथा

रॉकेट उडताना बघायचं, ते ठिपक्याएवढं झालं की टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं, असा रिवाज बरीच वर्षं चालला. इंधन संपलेल्या बूस्टरचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे. तो समुद्रात पडायचा, एवढंच. अमेरिकी स्पेस शटलचे बूस्टर तेवढे पॅराशूटने अटलांटिकमध्ये उतरत आणि जहाजं त्यांना ओढून किनाऱ्याला आणत. पण खाऱ्या पाण्यात बुचकळून निघालेलं ते सामान पुन्हा वापरायचं तर खोलून, धुऊन, जोडून घ्यावं लागे.

शेपटीकडच्या आगीवर तोल सांभाळत उभ्यानेच खाली यायचं, ही कल्पना मात्र जुनी. चित्रकथांतल्या टिनटिनचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं रॉकेट चंद्रावर असंच बसलं होतं. साठच्या दशकात डग्लस कंपनीतल्या फिलिप बोनो या अभियंत्याने अशा यानांचे आराखडे काढले. ते कागदावरच राहिले.

पृथ्वीवर ही करामत गाजली ती १८ ऑगस्ट १९९३ रोजी, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटात. मॅक्डोनेल डग्लसचं डीसी-एक्स म्हणजे जेमतेम चार मजली उंचीचा शंकू. तो वर गेला, हवेत थबकला, बाजूला सरकला आणि चार पायांवर खाली बसला. सगळा कारभार मिनिटभराचा. जमिनीवरून उड्डाणाची सूत्रं सांभाळत होते चंद्रावर चालून आलेले पीट कॉनरॅड. पुढे नासाने हे यान हाती घेतलं. ३१ जुलै १९९६ रोजी चारांतला एक पाय उघडलाच नाही, कारण त्याची नळी जोडायची राहून गेली होती. यान कलंडलं, टाकी फुटली. नवं बांधायला पैसे नाहीत म्हणून विषयच बंद झाला. एका नळीपायी एवढी वर्षं वाया जावीत, याची मला अजूनही चुटपुट वाटते.

पुढचं पाऊल स्पेसएक्स या कंपनीने टाकलं. टेक्सासमधल्या मॅकग्रेगरला २०१२पासून तिने ग्रासहॉपर नावाचा सांगाडा वर-खाली नाचवला. तो ७४४ मीटरपर्यंत गेला. पण तिच्या फाल्कन-९ रॉकेटचा खरा बूस्टर येतो अवकाशाच्या उंबरठ्यावरून, ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने. त्याला वळवायला जाळीदार पंख लागतात. तसे पंख सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर आधीच वापरात होते. आणि इथेच खरी गोम आहे. टाक्या जवळजवळ रिकाम्या झाल्यावर बूस्टर इतका हलका होतो की नऊपैकी एकच इंजिन, तेही शक्य तितकं मंद ठेवलं तरी, त्याला पुन्हा वर ढकलू लागतं. म्हणजे डीसी-एक्ससारखं हवेत थबकून अंदाज घेण्याची सोय नाही. वेग शून्य व्हायचा तो जमिनीला पाय लागताना. आधी झाला तर बूस्टर पुन्हा वर निघेल, उशीर झाला तर आपटेल. बघणाऱ्याचा श्वास अडकतो तो यामुळे.

सुरुवातीला आपटलेच. १० जानेवारी २०१५ला पंख हलवणारं हायड्रॉलिक तेल संपलं आणि बूस्टर तिरपा होऊन समुद्रातल्या तराफ्यावर आदळला. एप्रिलमध्ये दुसरा टेकला, पण कलंडून फुटला. या अपघातांच्या चित्रफिती कंपनीने लपवल्या नाहीत. उलट २०१७मध्ये सगळ्या फजित्या एकत्र करून, विनोदी संगीत लावून लोकांपुढे ठेवल्या. माझ्या मते या खेळाला प्रेक्षक मिळाले ते इथे. हरण्याची शक्यता दिसल्याशिवाय जिंकण्यात रंगत नसते, हे क्रिकेट बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

२१ डिसेंबर २०१५च्या रात्री फाल्कनने अकरा उपग्रह वर धाडले आणि त्याचा बूस्टर केप कॅनव्हरलला परत फिरला. उतरण बघायला स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क बाहेर धावले. बूस्टर टेकण्याच्या सुमारालाच त्याचा ध्वनिस्फोट त्यांच्या कानावर आला आणि त्यांना वाटलं, गेला! आत येऊन बघतात तो बूस्टर उभा. महिनाभर आधी ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेटही टेक्सासमध्ये उतरलं होतं. त्याचं श्रेय कमी नाही, पण ते सरळ वर जाऊन सरळ खाली आलं होतं. उपग्रह कक्षेत धाडण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं.

एप्रिल २०१६पासून तराफ्यावरही जमू लागलं. तिथे गंमत अशी की नेमक्या शेवटच्या क्षणी इंजिनाच्या हादऱ्याने अँटेना हलायची आणि चित्र गोठायचं. परत आलं की धुरात काळवंडलेला खांब उभा! फेब्रुवारी २०१८मध्ये फाल्कन हेवीचे दोन बूस्टर शेजारी-शेजारी, जवळपास एकाच वेळी उतरले. १३ ऑक्टोबर २०२४ला तर स्पेसएक्सच्याच स्टारशिपच्या सुमारे ७१ मीटर उंच बूस्टरला पायच नव्हते. मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला हवेतच धरलं.

आपण इंजिनाच्या जोरावरची उतरण श्वास रोखून पाहिली ती २३ ऑगस्ट २०२३ला, चांद्रयान-३ची, तीही बहुतेक आलेखावरच्या रेषेतून. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा असेल. इस्रोला एकच विनंती: तो टप्पा परत येईल तेव्हा कॅमेरा सुरू ठेवा. पहिले दोन-चार पडतील. तेही थेट दाखवा.