गजकर्ण, इसब की सोरायसिस? चट्टा कसा ओळखायचा?

जुईनगरच्या दमट हवेत जांघेत खाज सुटली की अनेक जण मेडिकलमधून थेट मलम आणतात. बिघडतं तिथेच. गजकर्ण म्हणजे बुरशी: गोल चट्टा, कडा उठावदार, मध्यभाग बराचसा स्वच्छ, घरात एकाकडून दुसऱ्याला होतो. इसब आणि सोरायसिस मात्र संसर्गजन्य नाहीत. इसबात कोपर-गुडघ्यांच्या आतल्या घडीत कोरडेपणा आणि प्रचंड खाज; सोरायसिसमध्ये बाहेरच्या बाजूला, डोक्यातही जाड चट्टे, चंदेरी खपल्या. क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड गजकर्णावर लावलं तर खाज थांबते, बुरशी पसरत राहते आणि कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. मग खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल, तिथे स्पर्शही कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा; सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं.