शिरस्त्राण, औद्योगिक (सेफ्टी हेल्मेट)

वरून पडणाऱ्या वस्तूचा आघात डोक्यापर्यंत पोहोचण्याआधी जिरवणारा, कामाच्या जागी वापरायचा टोप. भारतात याचे मानक आयएस 2925 (1984). दुचाकीचे हेल्मेट (आयएस 4151) वेगळ्या कामाचे. ते बांधकामावर चालवून घेऊ नये.

मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसराला बांधकाम नवे नाही. तालुक्यातच कोचाळे येथे मुंबई महापालिकेचे मध्य वैतरणा हे 102 मीटर उंच धरण आहे. भातकापणी उरकली की इथली वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे ‘जगायला’ जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. मुकादमाने हातात दिलेली टोपी पारखून घेण्याची खरी गरज त्यांनाच आहे.

पाहणारा कवच पाहतो. पारखायचे ते आतले पट्ट्यांचे जाळे. वीट आदळली की पट्टे ताणतात आणि जोर डोकेभर विभागला जातो. युरोपीय मानक ईएन 397 नुसार 5 किलोचे वजन 1 मीटरवरून टाकले तरी डोक्याकडे 5 किलोन्यूटनपेक्षा अधिक बल जाता कामा नये. त्यासाठी कवच व टाळू यांत मोकळी जागा लागते. तिथे तंबाखूची पुडी किंवा मोबाइल खोचला की ती जागाच जाते. पट्टे तुटलेली, सुतळीने बांधलेली टोपी नाकारावी. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आतल्या बाजूला निर्मितीचे महिना-वर्ष उठवलेले असते, तेही पाहावे, कारण टोपी जुनी होत जाते. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, थिनर आणि रंगानेही. एकदा जबर मार बसलेले हेल्मेट तडा दिसला नाही तरी बाद करावे. हनुवटीचा पट्टा न लावल्यास वाकताना ते डोक्यावरून पडते.

सर्वांत उघडे डोके मात्र बाईचे. चुंबळीवर घमेले घेऊन परांचीखालून दिवसभर तीच ये-जा करते आणि घमेले डोक्यावर असेपर्यंत तिला हेल्मेट घालताच येत नाही. तिच्यासाठी माल वाहायला हातगाडी आणि उचलायला लिफ्ट हवी. ही सोय न करता तिला नुसती टोपी देणे म्हणजे सुरक्षा नव्हे. अंबाड्यामुळेही टोपी नीट बसत नाही. केस मानेवर खाली बांधून टोपीच्या मागची, पट्टा घट्ट करायची चकती आवळावी.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, 2020 नुसार सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही साधनाचे पैसे मालकाला कामगाराकडून घेता येत नाहीत. हेल्मेटपोटी मजुरी कापणे बेकायदा आहे.