घरकुलाची यादी आणि ग्रामसभा : गोंदिया जिल्ह्यातील ग्रामीण निवारा धोरणाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा आठ तालुक्यांचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, मालगुजारी तलाव आणि विस्तीर्ण वनक्षेत्र ही या जिल्ह्याची ओळख होय. येथील ग्रामीण निवाऱ्याचा विचार बहुधा बांधून झालेल्या घरकुलांच्या आकड्यांपुरता केला जातो. परंतु घर कोणाला मिळावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न आकड्यांपेक्षा जुना आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कालखंडात बदलत गेले आहे.

आबादीपासून ग्रामसभेपर्यंत :

1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढील दशकात झालेल्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. शेतीबरोबरच आबादीची मोकळी जागाही त्यांच्या कक्षेत आली. गावातील चालीरीती, चराई व झाडांवरील हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदले जात. घरासाठी जागा हवी असणाऱ्या भूमिहीन मजुराला मात्र रूढी आणि मालगुजाराची मर्जी या दोहोंवरच अवलंबून राहावे लागे. मध्य प्रदेश शासनाच्या 1950 च्या कायद्यान्वये 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. राहत्या घराची जागा रहिवाशाकडे राहिली, मोकळी जागा शासनाकडे गेली. मालगुजाराच्या दाराऐवजी तहसील कार्यालयाच्या दारी जाणे एवढाच फरक अनेकांच्या वाट्याला आला, असे म्हटल्यास ते फारसे वावगे ठरू नये.

या संदर्भात विदर्भापुरती असलेली एक तरतूद लक्षणीय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील निस्तारपत्रकाविषयीच्या कलमांनुसार पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करून व रहिवाशांची इच्छा जाणून घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी ते अंतिम करावयाचे असते. गावकऱ्यांना जळाऊ व इमारती लाकूड कोणत्या अटींवर मिळेल याचा त्यात समावेश होतो. मातीच्या भिंती आणि लाकडी आढ्यावर कवेलूंचे छप्पर असणाऱ्या घरांच्या या प्रदेशात ही तरतूद निवाऱ्याशी थेट निगडित होती. लोकांना विचारून नियम करण्याची कल्पना येथे 73 व्या घटनादुरुस्तीने प्रथमच आली, असा समज म्हणूनच तपासून पाहावा लागतो.

इंदिरा आवास योजना 1985-86 मध्ये रोजगार कार्यक्रमाचा भाग म्हणून सुरू झाली आणि 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. लाभार्थींची निवड ग्रामसभेने करावी, त्या निवडीला वरिष्ठ संस्थेच्या मंजुरीची आवश्यकता नसावी आणि बांधकामात कंत्राटदार नसावा ही तिची तत्त्वे होती. घर शक्यतो स्त्रीच्या किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे करावे असाही आग्रह होता. सपाट प्रदेशातील अर्थसाहाय्य 2004 मध्ये 25,000, 2008 मध्ये 35,000, 2010 मध्ये 45,000 आणि 2013 मध्ये 70,000 रुपये झाले.

तथापि ग्रामसभेला निवड करावयाची होती ती दारिद्र्यरेषेखालील यादीतूनच. 2002 च्या सर्वेक्षणात 13 निकषांवर 0 ते 52 गुण देण्यात आले. या गुणांवरून प्रतीक्षायादी तयार झाली आणि तिचा क्रम हाच ग्रामसभेतील वादाचा मुख्य विषय बनला. ज्याचे घर डोळ्यांदेखत पडके आहे त्याचे गुण अधिक का, याचे उत्तर सभेत बसलेल्या सरपंचाकडे किंवा ग्रामसेवकाकडे नव्हते.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. तरीही गोंदिया जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र घोषित नाही, त्यामुळे 1996 चा पेसा कायदा येथे लागू होत नाही. लगतच्या गडचिरोली जिल्ह्यातील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांना जे अधिकार आहेत ते देवरीच्या ग्रामसभेला नाहीत. ही उणीव 2006 च्या वनहक्क कायद्याने काही अंशी भरून काढली. निवासासाठी ताब्यात असलेल्या वनजमिनीवरील हक्काची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेकडे दिला.

कवेलू, पत्रे आणि संगणकीय यादी :

1 एप्रिल 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. सपाट प्रदेशासाठी 1,20,000 आणि डोंगराळ, दुर्गम व एकात्मिक कृती आराखड्यातील जिल्ह्यांसाठी 1,30,000 रुपये साहाय्य ठरले. या आराखड्यात 2010 मध्ये गडचिरोलीसोबत गोंदियाचाही समावेश झालेला होता. मात्र निवडीचा आधार आता 2011 ची सामाजिक, आर्थिक व जात गणना हा होता.

या गणनेत हाताने घडविलेल्या कवेलूंचे छप्पर 'कच्चे', तर यंत्रावरील कवेलू किंवा पत्र्यांचे छप्पर 'पक्के' मानले गेले. पक्के छप्पर अथवा पक्की भिंत असलेली, तसेच दोनपेक्षा अधिक खोल्या असलेली घरे यादीतून आपोआप वगळली गेली. माकडांचा उपद्रव आणि दरवर्षी कवेलू फेरण्याचा खर्च यांना कंटाळून मातीच्या भिंतींवर पत्रे टाकणारे कुटुंब या हिशेबाने पक्क्या घराचे धनी ठरले. धान साठविण्यासाठी मातीचीच तिसरी खोली काढणाऱ्याचीही तीच गत. मोटारसायकल असणे हाही वगळण्याचा निकष होता. बससेवा विरळ असलेल्या जंगलपट्टीत दुचाकी ही चैन नव्हे, हे सांगण्याची सोय त्या गणनेच्या नमुन्यात नव्हती.

ग्रामसभेला यादीतील अपात्र नावे कारण नोंदवून काढता येत होती आणि समान गुण असणाऱ्यांचा क्रम लावता येत होता. राहून गेलेल्या पात्र कुटुंबांची वेगळी नोंद तिला करता येई, पण ती नावे थेट यादीत घालता येत नसत. 1996 मध्ये निवड करणारी सभा 2016 मध्ये मुख्यतः पडताळणी करणारी झाली. वशिल्याला आळा बसला, हा या बदलाचा लाभ नाकारता येत नाही. गावातील बलिष्ठांच्या दबावाखाली झालेल्या निवडी हा जुन्या पद्धतीचा खरा दोष होता. परंतु दोष दूर करताना गावाचे ज्ञानही बाजूला पडले.

राहून गेलेल्यांसाठी 2018-19 मध्ये 'आवास प्लस' सर्वेक्षण झाले. यादीत नाव येऊनही जागा नसणाऱ्यांसाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेत 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेकरिता प्रारंभी 50,000 रुपयांपर्यंत मदत देऊ केली. शासकीय जमिनीवरील 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याविषयीचा शासन निर्णय फेब्रुवारी 2018 मध्ये निघाला. मालगुजारी काळातील आबादीचा प्रश्नच या दोन्ही निर्णयांत नव्या नावाने पुढे आलेला दिसतो.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेला 2029 पर्यंत मुदतवाढ देऊन आणखी दोन कोटी घरांना मान्यता दिली. वगळण्याचे निकष 13 वरून 10 करण्यात आले. दुचाकी व शीतकपाटाची अट गेली, मासिक उत्पन्नाची मर्यादा 10,000 वरून 15,000 रुपये झाली आणि कुटुंबाला भ्रमणध्वनीवरून स्वतःच आपली नोंद करण्याची मुभा मिळाली. जंगलपट्टीतील दुचाकीधारकाला ही दुरुस्ती मिळण्यास आठ वर्षे लागली.