उपासाचा पाव आणि चॉकलेटाचा वाद

ज्युबिली समितीने या पुस्तिकेसाठी आम्हांकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा धर्मग्रामाच्या जुन्या दप्तरांतून आम्ही काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असणार. ते काम याच पुस्तिकेत आमच्याहून अधिकारी लेखणीने केले आहे. आम्ही एक ऋण फेडण्यासाठी निराळाच विषय घेत आहो. विषय लहान आहे, खाण्याच्या एका पदार्थाचा आहे, आणि आम्ही एकदा विचार न करता बोललो म्हणून तो आमच्या वाट्याला आला.

गेल्या वर्षी पवित्र आठवड्यातील मंगळवारी सायंकाळी आम्ही सभागृहात गेलो असता महिला मंडळाच्या भगिनी प्रेट्झेलांवर चॉकलेट चढवीत बसल्या होत्या. ज्यांनी हा पदार्थ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मैद्याची बारीक लांब वळी करून, तिची दोन्ही टोके एकमेकांवरून ओलांडून गाठ मारतात, वरून जाडे मीठ भुरभुरतात आणि भाजतात. मंडळाने ती कडक भाजलेली, पुड्यांतील आणली होती. एका पातेल्यात पाणी तापत होते, त्यावर दुसऱ्या भांड्यात चॉकलेट वितळत होते. पाण्याचा एक थेंब त्यात पडला तर सारे चॉकलेट दाणेदार होऊन आळते, म्हणून एका मुलीला केवळ चमचे कोरडे पुसून देण्याच्या कामावर बसविले होते. ईस्टरच्या मिस्सानंतर हा खाऊ विकून काही मुलांच्या शाळेची फी भरावयाची होती. मुले बोटे चाटीत होती. ते पाहून आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो की, हा विलायती बाजारी थाट उपासकाळात शोभत नाही, आणि या पदार्थाचा आपल्या धर्माशी काडीचा संबंध नाही.

सर्व गप्प झाल्या. कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध बाई तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, पीठ, पाणी नि मीठ. ह्यात उपास मोडण्याजोगे काय आहे?" आम्हांस उत्तर सुचले नाही. ते शोधावयास आम्ही पुस्तके उघडली.

प्रथम एक गोष्ट बाजूस सारणे प्राप्त आहे. सेमिनरीत असताना आम्ही ऐकली होती, आणि पुढे प्रवचनातून सांगितलीही होती, की इ. स. 610 च्या सुमारास एका मठवासी साधूने पीठाच्या उरलेल्या तुकड्यांना प्रार्थनेत छातीवर जोडलेल्या हातांचा आकार दिला व प्रार्थना पाठ करणाऱ्या मुलांना ते बक्षीस दिले. कथा गोड आहे. परंतु तिला त्या काळचा कोणताही लेखी आधार नाही. तीन छिद्रे म्हणजे पवित्र त्रैक्य, हा अर्थही मागाहून भाविकांनी लावलेला. आम्ही ती गोष्ट येथे परत घेतो. हातांचा संबंध मात्र सर्वस्वी खोटा नव्हे, कारण जर्मन भाषेतील 'ब्रेट्झेल' हा शब्द बाहू या अर्थाच्या 'ब्राकियुम' या लॅटिन शब्दापासून निघाला आहे.

जे पुराव्याने सांगता येते ते आख्यायिकेहून कमी मनोरम नाही. अल्सास प्रांतातील होहेनबुर्ग मठाच्या मठाधिपा हेराद यांनी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भगिनींच्या शिक्षणासाठी 'होर्तुस देलिचियारुम' हा सचित्र ग्रंथ सिद्ध करविला. त्यातील मेजवानीच्या एका चित्रात मेजावर ही गाठ मांडलेली आहे. मूळ ग्रंथ 1870 साली स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात ग्रंथालयाबरोबर जळाला. त्यापूर्वी अभ्यासकांनी नकला करून ठेविल्या होत्या म्हणून आज आपणांस ते चित्र ठाऊक आहे. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेचा (1414 ते 1418) वृत्तांत उलरिख फोन रिखेंटाल याने लिहिला. त्याच्या सचित्र प्रतींत गाड्यावर भट्टी घालून प्रेट्झेल विकणारे भटारी दिसतात. धर्मसभेतील दुफळी मिटविण्यासाठी थोरथोर धर्माचार्य आत बसले आहेत आणि बाहेर रस्त्यावर गरम पाव विकला जात आहे, हे चित्र आम्हांस फार आवडते. आणखी एक पुरावा सुमारे 1440 सालचा, क्लेव्हच्या कॅथरीन या सरदार स्त्रीसाठी उट्रेख्ट येथे तयार झालेल्या प्रार्थनापुस्तकातील. त्यात संत बार्थोलोम्यू यांच्या चित्राभोवतीची सारी चौकट प्रेट्झेल व बिस्किटे यांनी भरलेली आहे. हे हस्तलिखित आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

परंतु आमच्या मुद्द्यास निर्णायक असे चित्र ब्रूगेल याचे, 1559 सालचे, सध्या व्हिएन्ना येथील संग्रहालयात असलेले. त्यात कार्निव्हल आणि उपासकाळ यांची लढाई आहे. एका बाजूस पिंपावर बसलेला लठ्ठ कार्निव्हल मांसाचा भाला घेऊन येतो. समोर कृश उपासकाळ लाकडी फावड्यावर दोन मासे घेऊन ठाकला आहे, आणि त्याच्या गाडीवर प्रेट्झेल आहेत. म्हणजे ज्याला आम्ही बाजारी थाट म्हणालो, ते त्या काळी उपासकाळाचे निशाण होते!

कारण उघड आहे. मध्ययुगात चाळीस दिवस केवळ मांसच वर्ज्य नव्हते. अंडी, दूध, लोणी, चीज हेही वर्ज्य होते. ज्या उत्तरेकडील देशांत तेल महाग, तेथे लोण्यावाचून चालविणे ही गरिबाला मोठी शिक्षा होती. लोणी खाण्याची सवलत दान देऊन मिळत असे, आणि फ्रान्समधील रुआँ येथील कॅथेड्रलाचा एक मनोरा तर 'लोण्याचा मनोरा' याच नावाने ओळखला जातो. ज्यांना असे दान परवडत नसे, त्यांच्यासाठी भटाऱ्याने पीठ, पाणी व मीठ एवढ्यावर भागविलेला पाव होता. दक्षिण जर्मनीत बिबराखच्या आसपास आजही उपासकाळातील प्रेट्झेल आधी पाण्यात उकळून मग भाजतात. झावळ्यांच्या रविवारी स्वाबियात मोठी गोड प्रेट्झेल करितात. पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबई व पुणे येथील मिशनांत कार्य करणारे जेझुइट फादर बहुतांशी जर्मन भाषा बोलणारे होते. त्यांनी आम्हांस शाळा दिल्या, ही गाठ मात्र येथे रुजली नाही. एवंच, त्या वृद्ध बाई बरोबर होत्या, निदान गाठीपुरत्या.

आता चॉकलेट. येथे आम्हांस वाटले की आमची बाजू सावरेल. परंतु प्रकरण वाटले त्याहून गुंतागुंतीचे निघाले. मेक्सिकोतून स्पेनमध्ये आलेले चॉकलेट हे पेय होते, आणि ते प्यायल्याने उपास मोडतो काय, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे थोर पंडितांस छळीत होता. अंतोनिओ दे लेओन पिनेलो याने 1636 साली माद्रिद येथे या एकाच प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चियापास येथील स्त्रिया मिस्सा चालू असता देवळात चॉकलेट मागवून पीत, आणि महागुरुस्वामींनी मनाई केली तेव्हा त्यांनी त्या देवळात येणेच सोडले, असे टॉमस गेज याने 1648 च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. (हा गेज पूर्वी डॉमिनिकन होता व पुढे संघ सोडून प्रॉटेस्टंट झाला, तेव्हा त्याची साक्ष तोलूनच घ्यावी.) अखेर 1664 साली कार्डिनल ब्रान्काच्चो यांनी रोम येथे लॅटिन प्रबंध लिहून मत दिले की, चॉकलेट हे पेय आहे आणि पेयाने उपास मोडत नाही. त्यामागे संत थॉमस अक्विनास यांचे विवेचन होते: उपास खाण्याने मोडतो, पिण्याने नव्हे.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हा निर्णय पातळ चॉकलेटाचा आहे. खाण्याची वडी फ्राय यांच्या इंग्रजी कारखान्याने 1847 साली काढली, त्याच कारखान्याने 1873 साली चॉकलेटाचे ईस्टरचे अंडे काढले, आणि 1875 साली स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर याने त्यात दूध घातले. इकडे पेनसिल्व्हेनियातील लिटिट्झ गावी ज्यूलियस स्टर्जिस याने 1861 साली कडक प्रेट्झेलांचा कारखाना काढला, म्हणून पुडीत राहणारी गाठ सर्वत्र जाऊ शकली. कार्डिनल महाशयांचे छत्र या वडीवर धरता येत नाही. ती चावावी लागते. म्हणजे मंडळाच्या ताटात आतला भाग उपासाचा होता आणि वरचा सणाचा. आजचा नियम विचाराल तर 1966 साली पोप सहावे पौल यांनी सक्तीचा उपास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोनच दिवसांपुरता ठेविला आहे. मंगळवारी बोटे चाटणाऱ्या मुलांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. नियम सेमिनरीत आम्ही शिकलो होतो, मुलांनी नव्हे. म्हणून चूक अधिक आमची.

लक्झेंबुर्गमधील एक रीत सांगून विषय आवरतो. उपासकाळाच्या चौथ्या रविवारी, ज्या दिवशी आम्ही गुलाबी वस्त्रे घालतो, तेथे तरुण आपल्या मनातील मुलीला प्रेट्झेल देतो. तिला तो पसंत असेल तर ती ईस्टरच्या दिवशी त्याला अंडे देते. लीप वर्षी हा क्रम उलटतो. मुलगी प्रेट्झेल देते. मधले तीन आठवडे त्या तरुणाने कसे काढावयाचे, याविषयी आमच्या वाचनात काही आले नाही.

यंदा उपासकाळ लागण्यापूर्वीच आम्ही मंडळाच्या सभेत जाऊन गेल्या वर्षीचे शब्द सर्वांसमक्ष मागे घेतले. भगिनींनी मोठ्या मनाने विचारले की, पुन्हा मंगळवारी बसावे काय. आम्ही सुचविले की पुड्या मंगळवारी फोडून निवडाव्यात, आणि चॉकलेट शनिवारी रात्री, जागरणाच्या मिस्सानंतर चढवावे. त्यावर त्याच वृद्ध बाई म्हणाल्या, "फादर, ह्या उकाड्यात ते रात्रीत थिजायचे नाही, फ्रीजमध्ये ठेवावे लागेल. आणि मिस्सानंतर मध्यरात्री भांडे ढवळायला बसणार कोण?"

आम्ही बसू, असे सांगून आलो आहो. चमचे पुसण्यासाठी ती मुलगीही येणार आहे.