गावराखण : पोलीस पाटलापासून बीट हवालदारापर्यंत

ठाण्यापासून दूर असलेल्या वाडीवर रात्री चोर शिरले, तर पहिली हाक शेजाऱ्याला जाते. पोलिसांची गाडी येईपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. ग्रामीण भागातील सुरक्षेची व्यवस्था या साध्या वस्तुस्थितीवर उभी आहे. गावाची सावधगिरी आणि कायद्याची सत्ता यांना जोडणारा, दोन्ही बाजूंच्या विश्वासातला माणूस हा या व्यवस्थेचा कणा होय. हा दुवा शाबूत असेल तर बातमी वेळेवर ठाण्यात पोहोचते. तो तुटला की गुन्हा गावातच दडपला जातो, किंवा जमाव स्वतःच न्याय करायला उठतो.

वतनातून नेमणुकीकडे

मराठी मुलखात ही जबाबदारी पूर्वी वतनाने चाले. पाटील गावाचा प्रमुख. वेशीवर वेसकर, रात्री गस्तीला जागल्या आणि अनेक गावांत राखणीला रामोशी. चोरीचा माग शिवेपर्यंत काढावा आणि तो पलीकडे गेला तर पुढच्या गावाने जबाबदारी घ्यावी, असा रिवाज होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मालीपाटील महसूल पाही, तर पोलीसपाटील बंदोबस्त. मुंबई इलाख्यात 1867 च्या ग्राम पोलीस कायद्याने या जुन्या रचनेला सरकारी चौकट दिली.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने संपली, तर मुलकी पाटलांची पदे 1962 च्या कायद्याने रद्द झाली. त्यानंतर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 आला आणि पोलीस पाटील हे पद वंशाऐवजी नेमणुकीने भरले जाऊ लागले. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, किमान दहावी उत्तीर्ण आणि 25 ते 45 वर्षे वयाचा असावा लागतो. निवृत्तीचे वय 60 आहे. नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात. 2024 साली त्याचे मानधन दरमहा 15,000 रुपये करण्याचा निर्णय झाला.

पोलीस पाटील हा पोलीस दलातला शिपाई नव्हे. त्याला गणवेश नसतो. तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखाली काम करतो. गावातील गुन्ह्यांची स्थिती कळवणे, शांततेला बाधा आणणारी माहिती गोळा करून पोहोचवणे, गुन्हा व उपद्रव टाळण्याचा प्रयत्न करणे आणि तपासात पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये कायद्याने सांगितली आहेत. विहिरीत प्रेत सापडले किंवा कोणी गळफास घेतला, की ठाण्यात पहिली वर्दी बहुधा त्याचीच असते.

त्याच्या पदाचे बळ आणि दुबळेपणा एकाच गोष्टीत आहे : तो गावचा असतो. भावकीतला तंटा कुठल्या बांधावरून पेटला, हे त्याला ठाऊक असते. परंतु तंट्यातला एक पक्ष त्याच्याच भावकीचा असेल, तर त्याच्या अहवालावर दुसऱ्या पक्षाचा विश्वास बसत नाही. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने किरकोळ वाद मिटवण्याचे काम एका व्यक्तीऐवजी समितीकडे दिले, ते या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. अशा समितीलाही मर्यादा आहे. बलात्कार, खून किंवा जातीय अत्याचार हे ‘तंटे’ नव्हेत. ते गावात मिटवणे म्हणजे गुन्हा लपवणे होय.

गोव्यातील वेगळी वाट

गोव्याचा इतिहास निराळा. पोर्तुगीज राजवटीत गावपातळीवर रेजिदोर हा सरकारचा प्रतिनिधी असे आणि गावातील शांततेशी त्याचा संबंध येई. मुक्तीनंतर 1962 च्या नियमनाने ग्रामपंचायती आल्या आणि रेजिदोराचा काळ संपला. महाराष्ट्रातील पोलीस पाटलासारखे पद येथे रुजले नाही. त्यामुळे ठाणे आणि वाडा यांच्यामधला दुवा म्हणून बीटवरचा हवालदार आणि पंचायत सदस्य यांच्यावरच भार पडतो.

पंचायत सदस्याचा हा भार केवळ नैतिक नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 34 नुसार गावाच्या कारभाराशी संबंधित अधिकाऱ्याने आणि गावातील रहिवाशानेही काही बाबी जवळच्या दंडाधिकाऱ्यास किंवा ठाण्यास तत्काळ कळवणे बंधनकारक आहे. चोरीचा माल घेणाऱ्या कुप्रसिद्ध व्यक्तीचे वास्तव्य, गावात किंवा गावालगत घडलेला वा घडू घातलेला अजामीनपात्र गुन्हा, आकस्मिक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू या त्यांपैकी काही. गावाच्या कारभाराशी संबंधित अधिकारी या व्याख्येत पंचायत सदस्य स्पष्टपणे येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, कलम 40 खाली, हीच तरतूद होती. निवडून येणाऱ्या पंचांपैकी किती जणांना ती माहीत असते, हा प्रश्न प्रत्येक पंचायतीने स्वतःला विचारावा असा आहे.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पर्यटन, बांधकाम आणि मासेमारी यांमुळे अनेक गावांत परप्रांतीय कामगार आणि भाडेकरू मोठ्या संख्येने राहतात. भाडेकरूंची पडताळणी सक्तीची करणारा कायदा 2024 साली झाला. पडताळणीमुळे राहणाऱ्याची ओळख नोंदली जाते, ओळख होत नाही. ज्या बीट हवालदाराने घरमालक आणि भाडेकरू या दोघांशीही चार शब्द बोलून घेतलेले असतात, त्याच्या हाती त्या नोंदीचा खरा उपयोग होतो. शिवाय परगावचा मजूर चोरीचा किंवा मारहाणीचा बळीही ठरतो; त्यालाही ठाण्याची पायरी चढण्याचा धीर वाटला पाहिजे.

शेजारच्या राज्यांतील रचना

बेळगावसह कर्नाटकात 2017 पासून सुधारित बीट पद्धत आहे. ठाण्याची हद्द लहान बीटांत विभागून प्रत्येक बीटची जबाबदारी एकेका कर्मचाऱ्याकडे दिली जाते. इंदूर-ग्वाल्हेरच्या ग्रामीण परिसरात कोटवार हा जुना गावसेवक जमीन महसूल संहितेखाली आजही टिकून आहे. तेथे ग्राम व नगर रक्षा समित्यांसाठी 1999 चा स्वतंत्र कायदा आहे. वडोदऱ्याकडे ग्राम रक्षक दल बंदोबस्तात पोलिसांच्या हाताखाली काम करते. जुन्या मुंबई राज्याचा 1951 चा पोलीस कायदा हा महाराष्ट्र आणि गुजरात यांचा समाईक वारसा.

केरळने 2008 साली 20 ठाण्यांत जनमैत्री सुरक्षा प्रकल्प सुरू केला. सरासरी 500 घरांचे एक बीट आणि त्यातील प्रत्येक घराला बीट अधिकाऱ्याने दिलेली भेट हा त्याचा गाभा. गुन्हा घडल्यावर दारात येणारा पोलीस आणि एरवीही विचारपूस करून जाणारा पोलीस यांत लोक फरक करतात, हे त्या प्रकल्पाने ओळखले.

तामिळनाडूचा अनुभव सावध करणारा आहे. तेथे 1993 मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही स्वयंसेवकांची योजना सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. जून 2020 मध्ये सातानकुलम या लहान गावात पोलीस कोठडीतील छळानंतर पिता-पुत्रांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि जुलै 2020 मध्ये सरकारने योजनेवर बंदी घातली. नागरिकाने पोलिसाचा डोळा व्हावे; त्याची काठी होऊ नये.

सावधगिरी जेव्हा जमाव होते

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके भिक्षेकरी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारले. पाचही जणांचा जीव गेला. एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाकडून मारले गेले.

दोन्ही ठिकाणी गावे जागी होती. त्यांच्या जागेपणाला विचारणारा, थांबवणारा आणि ठाण्याशी जोडणारा दुवा मात्र पुरा पडला नाही. राईनपाड्याच्या घटनेला आणखी एक कडू पार्श्वभूमी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पालावर राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर अनेक गावांत बदललेली नाही.

17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाहून कमी नसलेला समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे.

नागरिकाचा अधिकार कोठवर

सामान्य नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, पण तो अरुंद आहे. आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा उद्घोषित गुन्हेगारालाच तो धरू शकतो. धरलेल्या व्यक्तीला विनाकारण विलंब न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. केवळ संशयावरून कोणाला बांधून ठेवण्याचा, मारण्याचा किंवा त्याची धिंड काढण्याचा अधिकार ग्रामसभेलाही नाही.

तक्रारीसाठी हद्दीची अडचण राहिलेली नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. तातडीच्या प्रसंगी 112 हा क्रमांक देशभर एकच आहे. अनोळखी माणसाविषयी शंका आली तर त्याला घेरण्याआधी हा क्रमांक फिरवणे, पोलीस पाटील किंवा पंच यांना बोलावणे आणि अफवेचा संदेश पुढे न पाठवणे, एवढ्याने राईनपाड्यातील पाच जीव वाचू शकले असते.

गावोगावी कॅमेरे बसत आहेत आणि त्यांचा तपासात उपयोगही होतो. तथापि चित्रणातील माणूस गावचा की परका आणि परका असेल तर कोणाकडे आला, हे शेवटी माणसालाच सांगावे लागते. म्हणून बीट हवालदाराची वारंवार होणारी बदली, महिनोन्‌महिने रिक्त राहणारे पोलीस पाटलाचे पद आणि आपले कर्तव्य ठाऊक नसलेला पंच या त्रुटी किरकोळ प्रशासकीय बाबी मानता येत नाहीत. गाव आणि ठाणे यांच्यामधली वाट याच ठिकाणी बंद पडते.