डासांमधील जीवाणू आणि डेंग्यूचा प्रसार: वोल्बाकिया पद्धतीची माहिती

थोडक्यात
डेंग्यू हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. एडिस इजिप्ती जातीच्या डासाची मादी चावल्याने तो पसरतो. डासाच्या शरीरात राहणाऱ्या जीवाणूंमुळे त्याची विषाणू पसरवण्याची क्षमता कमी-जास्त होते. याचा उपयोग करून डेंग्यू रोखण्याची एक पद्धत काही देशांत वापरात आहे. ती काय आहे आणि तोपर्यंत तुम्ही काय करावे, हे येथे दिले आहे.

डास विषाणू कसा पसरवतो?
डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त शोषले की विषाणू डासाच्या आतड्यात जातो. तेथे वाढून तो लाळेपर्यंत पोहोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतरच तो डास इतरांना आजार देऊ शकतो. या वाटेत काही जीवाणू विषाणूला अडवतात, तर काही मदत करतात. उदाहरणार्थ, सेराटिया मार्सेसेन्स हा आतड्यातील जीवाणू आतड्याचे चिकट आवरण विरघळवतो आणि विषाणूचा मार्ग सोपा होतो.

वोल्बाकिया म्हणजे काय?
वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींमध्ये राहणारा जीवाणू आहे. तो १९२४ मध्ये अमेरिकेत घरगुती क्युलेक्स डासात प्रथम आढळला. अनेक कीटकांत तो निसर्गतःच असतो, मात्र एडिस इजिप्ती डासात सहसा नसतो. शास्त्रज्ञांनी फळमाशीतील वोल्बाकिया या डासाच्या अंड्यांत घातला, तेव्हा त्या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकला नाही.

हा जीवाणू आईकडून पिल्लांत जातो. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांची अंडी उबत नाहीत. वोल्बाकिया असलेल्या मादीची अंडी मात्र उबतात आणि पुढच्या पिढीतही तो येतो. त्यामुळे असे डास काही महिने सोडले की परिसरातील बहुतेक डासांत वोल्बाकिया पसरतो.

याचा उपयोग झाला का?
• ऑस्ट्रेलियातील केर्न्स शहराजवळ २०११ मध्ये असे डास प्रथम सोडण्यात आले.
• इंडोनेशियातील योग्यकर्ता शहराचे २४ भाग करून त्यांपैकी १२ भागांत असे डास सोडले. तेथे डेंग्यूचे रुग्ण सुमारे ७७ टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होणारे ८६ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.
• भारतात पुदुच्चेरी येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने वोल्बाकिया असलेल्या एडिस इजिप्ती डासांच्या दोन वसाहती तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. असे डास सरकारच्या मंजुरीनंतरच बाहेर सोडता येतात.

म्हणून तुमच्या घरात चावणारा डास डेंग्यू पसरवू शकतो, असेच समजून काळजी घ्या.

तुम्ही काय करावे?
• आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात.
• टाकी, रांजण, हौद, कूलर नुसते रिकामे करू नका, आतून घासून पुसा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात.
• पाण्याची भांडी झाकून ठेवा. जुने टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या यांत पाणी साचू देऊ नका.
• हा डास मुख्यतः दिवसा चावतो. दिवसा झोपणाऱ्या बाळांनाही मच्छरदाणी लावा.

ताप आल्यास
• तुमच्या भागातील आशाताईंना कळवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
• राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत निवडलेल्या सेंटिनल रुग्णालयांत डेंग्यूची तपासणी मोफत होते. पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम चाचणी करतात.
• ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या.
• पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणे यांपैकी काहीही दिसल्यास ताप उतरला असला तरी लगेच रुग्णालयात जा.
• आयुष्मान भारत योजनेतील पात्र कुटुंबाला संलग्न रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. केवळ बाह्यरुग्ण तपासणीसाठी हे कार्ड चालत नाही. चौकशीसाठी १४५५५ वर फोन करा.

नेहमीचे प्रश्न

वोल्बाकियाचा डास चावला तर मला काही होईल का?
नाही. हा जीवाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही. घरात नेहमी आढळणाऱ्या क्युलेक्स डासांतही तो असतो.

हे डास जनुकीय बदल केलेले असतात का?
नाही. डासाच्या जनुकांत बदल केला जात नाही, त्याच्या पेशींत फक्त जीवाणू घातला जातो.

माझ्या भागात असे डास सोडले तर पाणी साठवण्याची काळजी सोडावी का?
नाही. हे डासही चावतात आणि इतर जातींचे डास तसेच राहतात. कोरडा दिवस पाळणे सुरूच ठेवा.